‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ : जलमृत्यूंच्या वृत्तान्तातील नाव आणि कारण

वसई-विरारच्या किनाऱ्यावरून वर्तमानपत्रांकडे जाणाऱ्या बातम्यांत एक वाक्य वर्षानुवर्षे येत आहे. नावे बदलतात, वये बदलतात, वाक्य मात्र तेच राहते : ‘पाण्याचा अंदाज न आल्याने तरुणाचा बुडून मृत्यू झाला.’ आगाशीच्या माणसाला हे वाक्य पाठ असते, कारण अर्नाळा, राजोडी, नवापूर आणि कळंब हे किनारे त्याच्या अंगणापलीकडचेच आहेत. पोर्तुगीज काळात जहाजबांधणीसाठी नावाजलेल्या या बंदराचा समुद्राशी असलेला व्यावसायिक संबंध आता क्षीण झाला असला, तरी समुद्रावरून येणारी वार्ता गावात पोहोचायला अजूनही वेळ लागत नाही. प्रस्तुत लेखात या वाक्याची आणि ज्या वृत्तान्तप्रकारात ते येते त्याची परीक्षा करावयाची आहे. काव्य-कादंबरीच्या परीक्षणाला सरावलेल्या वाचकास हा विषय समीक्षेच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि मराठीत मृत्यूविषयी जे गद्य सर्वाधिक लिहिले आणि वाचले जाते ते हेच आहे, आणि या गद्याच्या गुणदोषांवर पुढच्या काही माणसांचे जगणे-मरणे अवलंबून आहे.

या परीक्षेला निमित्त मात्र दुसऱ्या एका क्षेत्राचे आहे. पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाण्याखाली जाण्याचा जो छंद ‘स्कूबा’ या नावाने रूढ झाला आहे, त्यात मृत्यू घडला म्हणजे पाणबुड्यांच्या जगात एक वाद हमखास उभा राहतो. एक पक्ष म्हणतो, काय घडले ते तपशिलाने सांगा, म्हणजे दुसरा कोणी तसाच मरणार नाही. दुसरा पक्ष म्हणतो, घरात प्रेत आहे, आईबापांना त्यांचे दुःख एकांतात करू द्या. शिकण्याची निकड आणि कुटुंबाचा खाजगीपणा या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत, एकीचा लाभ म्हणजे दुसरीची हानी, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. मराठी वृत्तान्तांकडे पाहिले असता हे गृहीत बव्हंशी खोटे ठरते, असे माझे प्रतिपादन आहे. आपले वृत्तान्त कुटुंबाने झाकावे असे जे असते ते उघड करतात, आणि जे झाकण्याची मागणी कोणत्याही कुटुंबाने केलेली नसते तेच नेमके झाकतात.

प्रथम वाक्याची रचना पाहू. ‘अंदाज येणे’ हा अनुभवनिष्ठ क्रियाप्रयोग आहे. ज्याला अंदाज येतो तो ‘-ला’ या प्रत्ययाने दर्शविला जातो. आपल्या वाक्यात तो लुप्त आहे, पण वाचक त्याच्या जागी मृताला बसवतो. म्हणजे कारण म्हणून जे सांगितले जाते ते समुद्रात नाही, होडीत नाही, किनाऱ्याच्या व्यवस्थेत नाही. ते मृताच्या मनात आहे, आणि तेही अभावरूपाने. दुसरे असे की ‘न आल्याने’ हे तृतीयान्त कृदन्त आहे. त्याला काळ नाही, अर्थ नाही, स्वतंत्र विधानाचे दायित्व नाही. वाक्यात ठामपणे सांगितलेली गोष्ट एकच, ‘मृत्यू झाला’. कारणाचे कलम तिच्या आडून आत येते. त्याचा निषेध करायचा तर वाचकाला वाक्य मोडून नवे वाक्य रचावे लागते, आणि सकाळच्या चहाबरोबर कोणी ते करीत नाही. आता विचारण्यासारखा प्रश्न असा, की मृताला काय अंदाज आला होता हे वार्ताहराला कोणी सांगितले? ते ठाऊक असणारी एकमेव व्यक्ती तर मरण पावली आहे. पुराव्याशिवाय मृताच्या बुद्धीवर ठपका ठेवणारे हे वाक्य पुढच्या ओळीतील ‘दुर्दैवी घटना’ या शब्दांमुळे सहानुभूतीचे वाटते, ही त्याची खरी करामत होय.

(जाता जाता ‘जलसमाधी’ या शब्दाचीही दखल घ्यावी. समाधी घेतली जाते, स्वेच्छेने आणि अधिकाराने. जादा माणसे भरलेल्या होडीला ‘जलसमाधी मिळाली’ असे आपण लिहितो तेव्हा कर्ताही जातो, कारणही जाते, आणि उरते ते केवळ गांभीर्य.)

अशा वृत्तान्तात आणखी काय असते? मृताचे पूर्ण नाव, वय, राहण्याची चाळ किंवा इमारत, नोकरीचे ठिकाण, तो एकुलता एक होता काय, लग्न ठरले होते काय, आणि पुष्कळदा किनाऱ्यावर आक्रोश करणाऱ्या आईचे छायाचित्र. काय नसते? वेळ, भरती होती की ओहोटी, तिथी, किनाऱ्यापासूनचे अंतर, तळ कसा होता, पहिली हाक कोणी ऐकली, मदतीला कोण गेले आणि काय घेऊन गेले, दोर होता काय, जीवरक्षक होता काय. पहिल्या यादीतील एकाही गोष्टीने पुढचा माणूस वाचत नाही. दुसऱ्या यादीतील एकाही गोष्टीने आईची लाज जात नाही. याद्यांची ही अदलाबदल कोणी मुद्दाम केली आहे असे मी म्हणत नाही. नाव पोलीस ठाण्यात तयार मिळते. भरतीची वेळ मात्र कोष्टकात पाहावी लागते.

तिथीचा मुद्दा जरा विस्ताराने मांडणे अवश्य आहे. २१ मार्च २०१९ रोजी, धुळवडीच्या दिवशी, कळंबच्या किनाऱ्यावर पाच जण बुडाले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. तो दिवस गटारी अमावास्येचा म्हणून कोकणच्या स्मरणात राहिला आहे. दोन्ही घटना भिन्न जातीच्या आहेत. एकीत माणसे स्वतः पाण्यात उतरली, दुसरीत ती बोटीवर होती. ‘रामदास’ उधाणामुळे बुडाली असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. भर पावसाळ्यातील वारा, लाटा आणि एका बाजूला धावलेले उतारू हीच त्या दुर्घटनेची सांगितली जाणारी कारणे आहेत. परंतु आपला पंचांगव्यवहार येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. धुळवड पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येते, गटारी अमावास्येला, नारळी पौर्णिमा पौर्णिमेला, आणि गणेशविसर्जनाची अनंत चतुर्दशी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. म्हणजे ज्या दिवशी मुंबई-ठाण्याची माणसे सुटीमुळे किनाऱ्यावर येतात त्यांतले कितीतरी दिवस उधाणाच्या भरतीचे असतात. आमच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक होतो, आणि उथळ उताराच्या वाळूवर एवढे पाणी चढते-उतरते तेव्हा त्याचा वेग पोहणाऱ्यालाही आवरत नाही. अर्नाळ्याच्या कोळ्याला हे सांगावे लागत नाही. ‘उधाण’ आणि ‘भांग’ हे त्याच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. वर्तमानपत्रातून ते पार नाहीसे झाले आहेत. ‘पाण्याचा अंदाज’ हा शब्दप्रयोग त्यांच्या रिकाम्या जागेवर येऊन बसला आहे.

याचा अर्थ तिथी नोंदली की सर्व उलगडले, असा नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती तिथी कृष्ण अष्टमीच्या सुमाराची, म्हणजे भांगाची होती. कारण एक नसते, हेच तर सांगावयाचे आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी आमच्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची होडी उलटून तीन मुली गेल्या, तेव्हा ‘सेल्फी’ हा शब्द पुष्कळ बातम्यांत पुढे झाला. शब्द खोटा असेलच असे नाही. एका बाजूला गर्दी झाली की होडी कलते, हे खरे. परंतु एका बाजूला गर्दी झाली असता उलटेल इतकी माणसे होडीत कशी होती, आणि त्यांच्या अंगावर तरंगण्याची जाकिटे होती काय, हे प्रश्न त्या एका चटपटीत नामाच्या मागे उभे राहतात. ‘सेल्फी’ हे नाम पुन्हा मृतांकडेच बोट दाखवते, आणि तेही हसून.

आता स्कूबाकडे वळू. २४ मे २०२२ रोजी मालवणजवळ तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. पर्यटक पाण्याखाली जाऊन आले होते. घटना घडली ती परतताना, होडीची. तरीही ती स्कूबाची दुर्घटना म्हणूनच ओळखली गेली. १९ सप्टेंबर २०२५ रोजी सिंगापूर येथे आसामी गायक झुबीन गर्ग यांचे निधन झाले तेव्हाही पहिल्या बातम्यांनी स्कूबाचे नाव घेतले. पुढे पोहताना बुडून मृत्यू झाल्याचे स्पष्ट झाले. चुकीचे नाम एकदा चिकटले म्हणजे धडाही चुकीचा निघतो : नळकांड्याचे भय वाढते, आणि होडीच्या भाराचा किंवा तरंगण्याच्या जाकिटाचा प्रश्न मागे पडतो.

पाणबुड्यांच्या संघटनांनी या बाबतीत केलेले भाषिक काम मराठी वाचकाने पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’च्या नोंदींवरून पीटर डेनोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ९४७ मृत्यूंचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांनी ‘बुडून मृत्यू’ या नामावर समाधान न मानता प्रत्येक घटनेचे चार दुवे मांडले : आरंभ कशाने झाला, त्यातून घातक परिस्थिती कोणती उद्भवली, तिने शरीराला असमर्थ करणारी इजा कोणती केली, आणि शेवटी मृत्यू कशाने झाला. जेथे आरंभ निश्चित करता आला तेथे ४१ टक्के घटनांत तो श्वासाची हवा अपुरी पडण्यात होता. असमर्थ करणाऱ्या इजांत गुदमरणे ३३ टक्के, रक्तवाहिन्यांत वायूचे बुडबुडे शिरणे २९ टक्के, आणि हृदयाचा विकार २६ टक्के आढळला. शेवटच्या रकान्यात पुष्कळदा ‘बुडणे’ हाच शब्द राहतो, कारण पाण्याखाली शुद्ध गेलेला माणूस अखेर बुडतोच. आपली बातमी हा चौथा दुवा सांगते आणि पहिल्याच्या जागी ‘अंदाज’ घालते. मालवणला पोहता न येणारे पर्यटकही मार्गदर्शकाचा हात धरून थोड्या खोलीवर जातात, आणि ‘फार खोल नव्हते’ हे आश्वासन सर्वांना पुरेसे वाटते. वस्तुतः दीडएक मीटर खोलीवरून श्वास रोखून वर येणाऱ्याच्या फुप्फुसातील हवाही प्रसरण पावून त्याला इजा करू शकते. हे ज्ञान कोणा एका कुटुंबाचे गुपित नव्हे. ते कोणाच्या तरी मृत्यूतून आले आहे एवढेच. त्याचे नाव आज कोणी विचारीत नाही.

येथवर मामला सोपा आहे. खरा पेच उरतो तो याच विश्लेषणातील २६ टक्क्यांत. जेव्हा साखळीचा एक दुवा मृताच्या शरीरातच असतो, हृदयरोग, फेफरे, घेतलेले मद्य, किंवा प्रश्नपत्रिकेत लपवलेला आजार, तेव्हा कारण आणि खाजगी गोष्ट वेगळ्या काढता येत नाहीत. त्या एकच असतात. भारतीय कायदा येथे फारशी मदत करीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणाला मूलभूत हक्क मानले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले की असा हक्क मृत्यूबरोबर संपतो, तो वारशाने मिळत नाही. न्यायशास्त्रदृष्ट्या हे ठीक असेल. पण बहिणीच्या लग्नाच्या बोलण्यात ‘त्यांच्यात हृदयाचे आहे म्हणे’ हे वाक्य येते तेव्हा लाज मृताची नसते, जिवंताची असते. विम्याची रक्कम अडते ती विधवेची.

नाव गाळावे, हा सर्वांना सुचणारा उपाय. इंग्लंडमधील ‘ब्रिटिश सब-अॅक्वा क्लब’ १९६०च्या दशकापासून अपघातांच्या नोंदी जमवीत आला आहे आणि नावांवाचून त्यांचे सार दरवर्षी प्रसिद्ध करतो. आपल्याकडे केरळातील प्रसूतितज्ज्ञांनी २००४ पासून मातामृत्यूंचे असेच निनावी परीक्षण चालवले आहे. परंतु निनावीपणा हा भाषेचाही प्रश्न आहे, आणि मराठीत तो इंग्रजीहून अवघड आहे. आमचे क्रियापद लिंग सांगून टाकते. ‘उतरला’ की ‘उतरली’ हे ठरविल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. सुदैवाने ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी असून कोणालाही लागतो. ‘व्यक्ती वर आली नाही’ या वाक्यात पुरुषही मावतो. अहवालाच्या भाषेत या शब्दाचा जो रुक्षपणा आपल्याला खटकतो तो येथे उपकारक आहे. तथापि लिंग झाकले म्हणजे माणूस झाकला असे होत नाही. तर्कशास्त्रात ज्याला निश्चित वर्णन म्हणतात ते नावाचेच काम करते. ‘डिसेंबरात, अमुक बेटाजवळ, नाशिकहून आलेल्या कुटुंबातील पन्नाशीची व्यक्ती’ एवढे म्हटले की मालवणात ती कोण हे सर्वांना कळते. आगाशीसारख्या गावात तर आळीचे नाव पुरते. लोकसंख्या मोठी असेल तेथे निनावीपणा पडदा असतो. लहान गावात ती केवळ शिष्टाचाराची खूण असते.

म्हणून वर्णन विरळ करावे की काळ लांबवावा, यांपैकी मला दुसरा मार्ग अधिक योग्य वाटतो. वर्णन विरळ केले तर धड्याचे दातच पडतात. ‘एका व्यक्तीस त्रास झाला’ या वाक्यापासून कोण काय शिकणार? उलट पाच-सहा घटना एकत्र होईपर्यंत थांबले तर एक घर उघडे पडत नाही, आणि कारणांचा आकृतिबंधही अधिक स्पष्ट दिसतो. या मार्गाला किंमत आहे, ती नाकारता येत नाही : थांबलेल्या मुदतीत तोच अपघात पुन्हा घडू शकतो. ज्या गोष्टीत साधनाचा दोष आहे, वायू दूषित होता, झडप बिघडलेली होती, तेथे एक दिवसही थांबणे अपराध होय. तेथे कुटुंबाचे खाजगी असे काही नसतेही. थांबायचे ते शरीराच्या गोष्टीसाठी.

कुटुंबाची संमती घ्यावी, हे म्हणणे रास्त आहे, पण ‘कुटुंब’ हे समुदायवाचक नाम फसवे आहे. पत्नीला सांगायचे असेल, आईला नसेल. पहिल्या दिवशी नको असलेली गोष्ट वर्षश्राद्धापर्यंत हवीशी वाटू शकते. हवाई बेटांत २०१८ साली प्रशिक्षणाच्या वेळी मरण पावलेल्या एका पाणबुड्याच्या घटनेवर २०२०मध्ये ‘इफ ओन्ली’ हा अनुबोधपट निघाला, तो त्याच्या पत्नीच्या संमतीने आणि सहभागाने. त्या पटात दोषी कोण हे शोधण्याऐवजी त्या त्या क्षणी प्रत्येकाला आपली कृती योग्य का वाटली, हे विचारलेले आहे. आपल्या ‘अंदाज न आल्याने’चे हे नेमके उलटे रूप होय : तेथे मृताच्या मनाविषयी निवाडा नाही, त्याच्या भोवतीच्या परिस्थितीविषयी पृच्छा आहे. माझ्या समजुतीप्रमाणे कुटुंबे गप्प राहतात ती पुष्कळदा सत्याच्या भयाने नव्हे, निवाड्याच्या भयाने. ‘चूक’, ‘बेपर्वाई’, ‘मोह आवरला नाही’ या शब्दांनी ज्याचे स्वागत होणार ते सत्य कोण सांगेल? मराठीत ‘दोष’ आणि ‘कारण’ हे दोन शब्द आहेत, पण अपघाताच्या बातमीत ते एकमेकांचे पर्याय म्हणून वापरले जातात.

मराठीत कारणाची शिस्तशीर भाषा नाही असे मात्र कोणी समजू नये. ती आहे, पण पोलीस ठाण्याच्या कपाटात. पंचनामा हा गद्यप्रकार समीक्षकांनी दुर्लक्षिलेला आहे. दिशा, अंतर, वस्तूंची स्थिती, अंगावरील कपडे, पाहणाऱ्यांची नावे यांचे असे निर्विकार वर्णन आमच्या ललित गद्यात क्वचितच सापडेल. त्यात ‘दुर्दैवी’ नाही, ‘अंदाज’ नाही. परंतु त्याची दृष्टी ज्या कायद्याने घडवली तो गुन्हा शोधणारा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १९४ वे कलम, त्याआधीच्या संहितेचे १७४ वे, पोलिसांना शेजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष मृत्यूचे दृश्य कारण लिहावयास सांगते. जखमा, अस्थिभंग, ओरखडे यांचे वर्णन करावे आणि त्या कोणत्या शस्त्राने झाल्या असाव्यात ते नमूद करावे, अशी त्याची अपेक्षा आहे. बुडालेल्याच्या अंगावर शस्त्राची खूण नसते. म्हणून ‘संशयास्पद काही नाही’ असे लिहून प्रकरण मिटते, आणि नळकांड्यात हवा किती उरली होती हा रकानाच कोणाला सुचत नाही. मुंबईत १९९९ पर्यंत कोरोनरचे पद होते. ते गेल्यावर अशा मृत्यूची चौकशी उघड्यावर ऐकण्याची जागाही गेली.

माहितीच्या अधिकाराने हे कागद मिळवावेत असे एखादा विद्यार्थी म्हणेल. त्याने ध्यानात ठेवावे की २००५च्या अधिनियमातील ८(१)(ञ) या खंडात व्यक्तिगत माहितीला अपवाद होता, पण व्यापक लोकहिताची कसोटी त्याच खंडात लिहिलेली होती. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने ती कसोटी तेथून काढली आणि नोव्हेंबर २०२५ पासून ही दुरुस्ती अमलात आली आहे. कलम ८(२) मधील सर्वसाधारण लोकहिताचा आधार शिल्लक आहे, पण नकार देणाऱ्या अधिकाऱ्याचे काम सोपे झाले आहे. तो आता ‘व्यक्तिगत’ हा एकच शब्द लिहू शकतो, आणि त्या शब्दाखाली मृताच्या हृदयाच्या आजाराबरोबर भरतीची वेळ, होडीतील माणसांची संख्या आणि जाकिटांची संख्याही झाकली जाऊ शकते. दुसरीकडे त्याच मृताचे नाव, वय आणि आईचे छायाचित्र आदल्याच दिवशी पहिल्या पानावर छापून झालेले असते.